पेंट थिकनेस गेज: मुठीतला घ्यावा की वायरचा?

गाडीच्या पॉलिशिंगसाठी पेंट थिकनेस गेज, म्हणजे रंगाच्या थराची जाडी मोजणारं यंत्र, घ्यायचा आणि खिसाही सांभाळायचा, तर शेवटी दोनच प्रकार समोर उरतात. एक मुठीत मावणारा, ज्याच्या बुडालाच प्रोब, म्हणजे रंगावर टेकवायचं मोजणारं टोक, पक्का बसवलेला असतो. दुसऱ्याचा प्रोब वायरीच्या टोकाला असतो आणि मीटर वेगळा धरावा लागतो. पेनासारखे चुंबकी गेज मी यात धरत नाही. खड्डे बुजवायची पुट्टी रंगाखाली भरली आहे का, एवढं ते सांगतात. मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा) हिशेब त्यांच्याकडून होत नाही. एल्कोमीटर किंवा डेफेल्स्को या कंपन्यांची वरच्या गटातली यंत्रं उत्तम आहेत, पण तो खर्च सगळ्यांना झेपणारा नाही, म्हणून तीही बाजूला ठेवतो.

मी दोन्ही प्रकार घेतले, दोन्ही अजून माझ्याकडे आहेत. दोघांचं तंत्र सारखंच आहे. पोलादावर चुंबकीय पद्धत, अल्युमिनियमवर एडी करंट, म्हणजे धातूत उठणाऱ्या भोवरा-प्रवाहांवरून मोजणं. फक्त पोलादावर चालणारा गेज मात्र कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. बाकी बॉडी पोलादाची आणि बॉनेट अल्युमिनियमचं, अशा गाड्या पुष्कळ आहेत. प्लास्टिकच्या बंपरवर दोघांचाही उपयोग नाही; तिथे ध्वनिलहरींनी मोजणारा अल्ट्रासॉनिक गेज लागतो आणि तो या गटात येतच नाही.

मुठीतल्या गेजचं सुख आधी सांगतो, कारण ते खरंच आहे. एका हाताचं काम. दुसऱ्या हातात टॉर्च धरता येतो, दार उघडून धरता येतं. टेकवा, आकडा बघा, पुढे चला. गाडीभोवती एक चक्कर मारली की चित्र स्पष्ट होतं. कारखान्यातला रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो. एखाद्याच दारावर २५० दिसलं तर ते पुन्हा रंगवलंय, आणि आकडा ५०० च्या पुढे गेला तर खाली पुट्टी आहे असं धरायला हरकत नाही. जुनी गाडी पारखण्याच्या या कामात आकडा पाच-सात मायक्रॉन इकडेतिकडे झाला तरी निष्कर्ष बदलत नाही.

पॉलिशिंगला मात्र तो बदलतो. गेज आपल्याला सगळ्या थरांची मिळून जाडी दाखवतो: ई-कोट (पत्र्यावरचा गंजरोधक पहिला थर), प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट. त्यात क्लिअर कोट बहुधा ३५ ते ५० मायक्रॉन, आणि तो किती उरलाय हे हा गेज वेगळं सांगू शकत नाही. म्हणजे १२० हा आकडा एकटा फारसं काही बोलत नाही. कामाचा असतो तो फरक: हे पॅनेल आणि ते पॅनेल यांतला, कंपाउंड (घासून ओरखडे काढणारी पेस्ट) मारण्याआधीचा आणि नंतरचा. आणि हा फरक केवढा? कटिंगच्या, म्हणजे अशा घासण्याच्या, एका फेरीत दोन-तीन मायक्रॉन, कधी त्याहून कमी. उन्हापासून रंगाला वाचवणारं संरक्षण याच क्लिअर कोटमध्ये असतं, म्हणून गाडीच्या उभ्या आयुष्यात त्यातले काही मोजकेच मायक्रॉन काढावेत असं जाणकार सांगतात.

मुठीतल्या गेजने मला इथेच वैताग आणला. बॉनेटवर टेकवला, ११८. उचलून तिथेच पुन्हा टेकवला, १२४. पुन्हा, ११४. रंग तोच, जागा तीच. मनगट तेवढं केसभर कललं. या गेजचं टोक लहान आणि ताठ, अंग उंच. किंचित तिरपं धरलं की टोकाची एक कड पृष्ठभागापासून सुटते आणि आकडा हलतो. सपाट बॉनेटवर जपून धरलं तर जमतं. फेंडरच्या फुगवट्यावर आणि दाराच्या उठावदार रेषेजवळ मला ते कधीच मनासारखं जमलं नाही. दहा मायक्रॉनने डोलणाऱ्या आकड्यातून तीन मायक्रॉनचा फरक शोधायचा कसा?

खोक्यावरची अचूकता दोघांची जवळपास सारखीच लिहिलेली असते, साधारण अधिक-उणे ३ टक्के आणि वर एक-दोन मायक्रॉन. तिच्याकडे मी फार लक्ष देत नाही. एकाच जागी, एकाच यंत्राने आधी आणि नंतर मोजलं तर ती चूक बहुतेक दोन्ही वेळा एकाच बाजूला जाते आणि वजाबाकीत निघून जाते. तिरकेपणाची चूक दरवेळी वेगळी, ती वजा होत नाही.

वायरच्या प्रोबला टोकाभोवती एक स्प्रिंगवरची नळी असते. नळी पृष्ठभागावर पूर्ण बसेपर्यंत दाबायची. आतलं टोक दरवेळी तेवढ्याच जोराने टेकतं. प्रोब लहान असल्याने नीट बसला की नाही हे बोटांना कळतं. मास्किंग टेपच्या तुकड्याने जागेचा कोपरा आखून घ्यायचा आणि त्याला लागून प्रोब ठेवायचा. असं केल्यावर माझे आकडे एक-दोन मायक्रॉनच्या आत राहतात. प्रत्येकाच्या हाताला तसंच येईल असा माझा दावा नाही, पण मला हा फरक पहिल्याच गाडीवर जाणवला.

वायरचे त्रासही आहेत. दोन्ही हात अडकतात. वायर रंगावर घासते, आणि मऊ काळ्या रंगावर धूळ असेल तर तेवढ्यानेही बारीक रेघ उठू शकते. मी वायर खांद्यावरून घेतो आणि धुतलेल्या गाडीवरच मोजतो. वायर प्रोबमध्ये शिरते ती मान नाजूक असते, गुंडाळताना तिथे मुडपू नका. शक्य असेल तर पोलाद आणि अल्युमिनियम हे मोड हाताने निवडता येतील असा मीटर बघा, कारण जस्ताचा थर दिलेल्या पत्र्यावर काही स्वस्त गेज आपोआप ओळखण्यात गोंधळतात.

झिरो करणं (बिनरंगाच्या धातूवर टेकवून आकडा शून्यावर आणणं), उन्हात तापलेल्या पॅनेलवर न मोजणं, कडेपासून दोन-तीन सेंटिमीटर आत राहणं, हे दोघांनाही लागू आहे.

जुन्या गाड्या पारखणं हेच मुख्य काम असेल, तर मुठीतला बिनधास्त घ्या. तिथे तो वायरवाल्यापेक्षा सरस आहे. हातात पॉलिशर असेल तर मी वायरकडे झुकेन, आणि एकच घेणं परवडत असेल तर तोच. प्रकार कुठलाही ठरवा, परत करायची मुदत संपायच्या आत एक चाचणी करा. सोबत आलेल्या धातूच्या पट्टीवर १०० मायक्रॉनच्या आसपासची शिम (ठरावीक जाडीचा पातळ तुकडा) ठेवा आणि पाच वेळा उचलून-टेकवून बघा, त्यातल्या एक-दोन वेळा मुद्दाम हात सैल सोडून. सगळ्यांत मोठ्या आणि सगळ्यांत लहान आकड्यात तीनपेक्षा जास्त मायक्रॉनचं अंतर पडलं, तर पॉलिशिंगसाठी तो ठेवू नका.