आंबोलीच्या वाटेवरचं पक्ष्यांचं लपण: कस्तूर हमखास, फलक मात्र बदला

आजऱ्याहून आंबोलीला जाताना रस्त्यालगतच्या एका घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी मालकांनी मागच्या रानात लपण, म्हणजे पक्ष्यांना न दिसता त्यांना बघायचा आडोसा, बांधलंय. हिरवी शेडनेट, आत प्लॅस्टिकच्या खुर्च्या, समोर दहा-बारा फुटांवर दगडांत केलेला उथळ पाणवठा. बांबूच्या पन्हळीतून त्यात सतत बारीक धार पडत असते. फेब्रुवारीच्या अखेरीस मी आणि माझी नणंद गेलो होतो. कॅमेरा तिचा, दुर्बीण माझी.

पैसे वसूल केले ते नारिंगी डोक्याच्या कस्तुराने. एरवी हा गडी जाळीत पाचोळा चाळत बसतो; आवाज येतो, अंग दिसत नाही. इथे चक्क उघड्यावर आला. चोचीने एकेक पान उचलून बाजूला भिरकावायचं, थबकायचं, मान तिरकी करायची, पुन्हा पान. पांढऱ्या गालावरच्या दोन काळपट उभ्या रेघा दुर्बिणीशिवाय दिसत होत्या. या रेघा आपल्या द्वीपकल्पातल्या उपजातीची खूण. हिमालयाकडच्याचा चेहरा बहुतेक सगळा नारिंगीच. मला नेमकी तेव्हाच शिंक आली. "वहिनी, नाक दाबा!" नणंद दातओठ खात कुजबुजली.

उन्हं जरा वर आल्यावर ब्लॅकबर्ड आला. काळी टोपी, राखट तपकिरी अंग, डोळ्याभोवती पिवळं कडं. आणि तिथेच माझी तक्रार सुरू होते. भिंतीवरच्या 'कस्तूर कुळातले पक्षी' या फलकावर त्याच्या जागी कुळकुळीत काळ्या युरोपियन ब्लॅकबर्डचा फोटो आहे, खाली त्याचं शास्त्रीय नाव, 'टर्डस मेरुला'. जुन्या पुस्तकांत आपला पक्षी त्याचीच उपजात धरलेला असे, हे खरं. आता तो वेगळी जात आहे, टर्डस सिमिलिमस. भारताचं द्वीपकल्प आणि श्रीलंका एवढाच त्याचा मुलूख. त्यातही सह्याद्रीच्या आपल्या भागातला काळ्या टोपीचा, निलगिरीतला आणखी गडद. समोर खरा पक्षी आंघोळ करतोय आणि भिंतीवर परक्याचा फोटो!

त्याच फलकावर शीळकरी कस्तूर आणि निळ्या टोपीचा शैलकस्तूर हेही आहेत. दिसायला कस्तूरच, पण डीएनए तपासणीनंतर दोघांची रवानगी माशीमारांच्या कुळात झाली, म्हणजे दयाळ आणि चीरक यांच्या गोतात. मालकांना सांगितलं तर म्हणाले, "ताई, तुम्हीच लिहून द्या, पुढच्या वेळी छापून घेतो." दिलंय लिहून. माणूस ऐकणारा आहे. पक्षी जवळ यावेत म्हणून मोबाईलवर आवाज लावत नाहीत, अळ्याही टाकत नाहीत. फक्त पाणी. यासाठी माझ्याकडून पूर्ण गुण.

निळ्या टोपीचा शैलकस्तूर बघायचा असेल तर थंडीतच जा. तो हिमालयातून येणारा पाहुणा. शीळकरी कस्तुराचं गाणं हवं असेल तर मात्र पंचाईत आहे. तो खरा गातो पावसाळ्यात, पहाटे ओढ्याकाठी, आणि पावसाळ्यात लपण बंद असतं. तेव्हा खोली घ्या आणि पहाटे खिडकी उघडी ठेवा, ओढा घरामागेच आहे.

जेवणात नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं झकास. खुर्च्यांना गाद्या नाहीत, तीन तासांत पाठ बोलायला लागते. सकाळी नवाच्या आधी झाडाखाली फार अंधार असतो, फोटोवाल्यांनी ट्रायपॉड न्यावा. मागच्या रांगेतून पन्हळ आड येते. नोंदणी करतानाच पुढच्या खुर्च्या मागून घ्या.