फॅमिली लिंक: पोरीच्या फोनपुरतं झकास, आजीच्या फोनचं काय?

सातवीतल्या पोरीला फोन द्यावा की नाही, या वादात मी पडत नाही. आमच्याकडे तो द्यावाच लागला. बायको नर्स, तिची ड्यूटी कधी सकाळची तर कधी रात्रीची. मी नागपूरच्या कळमना बाजारात एका अडत्याकडे हिशेब लिहितो. आंबिया बहाराची संत्री बाजारात यायला लागली की पहाटेच घर सोडावं लागतं. घरी पोरगी आणि माझी आई. ट्यूशन सुटली, ऑटोवाला आला नाही, एवढं कळवायला तरी तिच्या हातात काहीतरी हवं होतं. पण फोन म्हटला की त्यात यूट्यूब आलं, मैत्रिणींच्या इन्स्टाग्रामच्या गोष्टी आल्या. म्हणून गूगलचं फॅमिली लिंक लावलं, म्हणजे आई-बापाने आपल्या फोनवरून मुलाच्या फोनवर लक्ष ठेवायचं अॅप. पैसे लागत नाहीत. मुलाचा फोन अँड्रॉइड असेल तर उत्तम चालतं, आयफोनवर यातलं बरंचसं करता येत नाही.

आधी जन्मतारखेचं सांगतो, कारण सगळं त्यावर अडतं. ज्या दुकानातून फोन घेतला तिथल्या पोऱ्याने पाच मिनिटांत पोरीच्या नावाने जीमेल उघडून दिलं. जन्मसाल टाकलं १९९५. मी विचारलं, हे काय? तर म्हणे, "भाऊ, खरी तारीख टाकाल तर काहीच चालत नाही, मग तुम्हीच परत याल." आता हे जे "काहीच चालत नाही" आहे ना, तेच तर आपल्याला पाहिजे असतं! वय १३ च्या आत असेल तर गूगल ते खातं आई-बापाच्या खात्याला जोडायला लावतं, आणि तिथून पुढे दोरी आपल्या हातात येते. पोरगी कागदोपत्री तीस वर्षांची असेल तर तिला सगळं मोकळं. मी घरी येऊन फोन फॅक्टरी रिसेट केला, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा, खऱ्या तारखेने नवं खातं काढलं, माझ्या खात्याला जोडलं. यात रविवारची दुपार गेली. दोन्ही फोन शेजारी घेऊन बसायचं, पासवर्ड जवळ ठेवायचा, आणि दोन्हींचं चार्जिंग भरपूर असू द्यायचं.

कामाचं पहिलं बटण म्हणजे अॅपची परवानगी. प्ले स्टोअरची मंजुरी मी "सगळ्यासाठी" ठेवली आहे, म्हणजे फुकटचं अॅप घ्यायचं तरी माझ्या फोनवर विनंती येते. ती कुठे येईल याचा नेम नाही. एकदा ऐन लिलावात आली. समोर संत्र्याचे ढीग, बोली चढत होती, मी आकडे लिहून राहिलो होतो आणि खिशात फोन थरथरला. कुठलंसं बाहुल्यांना कपडे घालायचं अॅप. चित्र गोंडस, वयोगट १२+. खाली बारीक अक्षरात "यूजर्स इंटरॅक्ट" असं लिहिलेलं. म्हणजे आत अनोळखी लोक एकमेकांशी बोलू शकतात. बाहुल्यांना कपडे घालायला अनोळखी माणसं कशाला लागतात? नाकारलं. लगेच आईच्या नंबरवरून फोन. "बाबा, करून द्या ना, सगळ्यांकडे आहे." मागून आईचा आवाज, "काऊन रडवून राहिला रे पोरीले?" आणि इकडे हमाल विचारतोय, मुनीमजी, वजन लिहिलं का?

ही विनंती येणं हाच मला या अॅपचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो. नाकारण्यापेक्षा विनंतीच मोलाची. तिच्या वर्गात कशाचं वारं आहे ते मला त्यावरूनच कळतं. एक आठवडा सगळ्या विनंत्या फोटो सुंदर करणाऱ्या अॅपच्या होत्या. तेव्हा बायकोने तिला जवळ घेऊन विचारलं. वर्गात कोणीतरी तिच्या दातांवरून बोललं होतं. हे आम्हाला एरवी कधी कळलं असतं?

वेळेची मर्यादा ठीक आहे. वारानुसार वेगळी ठेवता येते, रविवारी जास्त, शाळेच्या दिवशी कमी. अॅपलाही वेगळी मर्यादा लावता येते. आमच्याकडे यूट्यूबला ४० मिनिटं. रात्री साडेनऊपासून सकाळी सहापर्यंत फोन झोपतो. फोन असा लॉक झाला तरी आलेला कॉल उचलता येतो आणि इमर्जन्सी कॉल लागतो. "नेहमी चालू" या यादीत आपण टाकलेली अॅपही चालतात. त्या यादीत फोन आणि गृहपाठाचं अॅप नक्की टाका, नाहीतर नेमकं ट्यूशनच्या दारातून पोरीला घरी फोन करता येणार नाही. कधी बक्षीस म्हणून जादा वेळ द्यायचा तर तेही एका बटणात होतं. पोरीने हे बटण फार लवकर हेरलं. भांडी लावली, जादा वेळ. आजीला औषध दिलं, जादा वेळ. औषधाचा भाव मी बंद केला, भांड्यांचा चालू आहे.

नागपूरचा उन्हाळा मात्र कुठल्याही अॅपच्या हिशेबात बसत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, दुपारी बाहेर कुत्रं फिरत नाही, घरात कूलरसमोर सगळे आडवे. आपल्याकडे विदर्भात शाळाही जूनच्या शेवटाकडे उघडतात, म्हणजे सुट्टी लांबलचक. त्या काळात शाळेच्या दिवसांचे आकडे चालवले तर घरात रोज महाभारत. मी सुट्टीपुरते आकडे सैल केले आणि शाळा उघडायच्या आठवड्याभर आधीपासून थोडे थोडे आवळत आणले.

लोकेशनबद्दल फार लिहीत नाही. नकाशावर फोन दिसतो, बॅटरी किती उरली तेही दिसतं. ट्यूशनला पोचली का एवढं पाहायला पुरे.

आता काय दिसत नाही ते. फॅमिली लिंकमध्ये मुलांचे मेसेज वाचता येत नाहीत, कॉल ऐकता येत नाहीत, त्यांची स्क्रीन इकडे बसून पाहता येत नाही. यावरून आमच्या घरी मतभेद आहेत. बायको म्हणते, "अहो, मग उपयोग काय? कोणाशी काय बोलते तेच तर पाहायचंय." मला हे न दिसणंच बरं वाटतं. बारा वर्षांच्या पोरीचं मैत्रिणीशी झालेलं भांडण मी वाचून काय करू? बायकोला तिच्या ओळखीत कोणीतरी एक पैसेवालं अॅप सुचवलं होतं, सगळं वाचायला मिळतं म्हणून. त्याचं नाव देत नाही. लावायला गेलो तर पहिल्याच पायरीला म्हणे प्ले प्रोटेक्ट (घातक अॅप अडवणारी गूगलची सोय) बंद करा, मग अॅक्सेसिबिलिटीची (स्क्रीनवरचं सगळं वाचायची) परवानगी द्या. फोनचा पहारेकरी झोपवून आत येणाऱ्याला घरात घ्यायचं, वर त्याला वर्षाची फी द्यायची. पोरीचे फोटो, मेसेज, सगळं कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरवर. मी तिथेच थांबलो. बायकोलाही पटलं, निदान तेवढ्यापुरतं.

यूट्यूबला दोन रस्ते आहेत. यूट्यूब किड्स हे वेगळं अॅप, त्यात सगळ्यात वरचा गट ९ ते १२ वर्षांचा. पण सातवीतल्या पोरीला ते दाखवा आणि तिचं तोंड पाहा! दुसरा रस्ता म्हणजे नेहमीचंच यूट्यूब, पण पालकांच्या देखरेखीखालचं. त्यात तीन पायऱ्या आहेत: एक्स्प्लोर साधारण ९ वर्षांपुढच्यांसाठी, एक्स्प्लोर मोअर १३ पुढच्यांसाठी आणि तिसरीत जवळजवळ सगळं यूट्यूब, फक्त मोठ्यांसाठी म्हणून खूण केलेलं वगळून. आम्ही पहिलीवर आहोत. ही निवड यंत्र करतं, त्यामुळे अधूनमधून काहीतरी निसटणारच. एखादं चॅनेल नको असेल तर ते ब्लॉक करता येतं.

इन्स्टाग्रामचं मी भाच्याच्या फोनवर पाहिलं. तो १४ वर्षांचा. त्याचं खातं आधीपासूनच होतं आणि त्यावर तो चोवीस वर्षांचा होता. कमीत कमी वय १३ लागतं, म्हणून पोरांनी अकराव्या वर्षीच मनाला येईल ते साल टाकलेलं असतं. इन्स्टाग्रामने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये टीन अकाउंट, म्हणजे पोरांसाठी बंधनं घातलेली खाती, आणली, भारतात ती २०२५ च्या फेब्रुवारीत जाहीर झाली. खातं आपोआप प्रायव्हेट राहतं, अनोळखी माणसं त्यावर मेसेज करू शकत नाहीत, दिवसाला ६० मिनिटं झाली की आठवण येते, रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन गप्प असतात. १६ च्या आतल्या पोराला यातलं काही सैल करायचं तर पालकाची परवानगी लागते. सगळं चांगलंच आहे, पण चोवीस वर्षांच्या भाच्याला यातलं काही लागू होत नव्हतं. साळ्याला सांगून ते खातं बंद केलं, खऱ्या तारखेने नवं काढलं. भाचा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, फॉलोअर गेले म्हणून.

त्यात देखरेख लावायची तर पालकाचंही इन्स्टाग्राम खातं लागतं. साळ्याचं नव्हतं, ते काढलं. आता भाच्याने गेल्या सात दिवसांत कोणाकोणाशी मेसेज केले ती नावं त्याला दिसतात. काय बोलला ते दिसत नाही. रोजच्या वेळेची मर्यादाही घालता येते. साळा मात्र स्वतःच ट्रॅक्टरचे रील पाहत अर्धी रात्र जागतो. त्याला मर्यादा कोण घालणार?

एवढं सगळं केल्यावर माझ्या लक्षात आलं की पोरीच्या फोनवर कुलूप पक्कं आहे, पण घरात तिला उघडा असलेला दुसरा फोन आहे. आईचा. तिच्या यूट्यूबवर सकाळ-संध्याकाळ कीर्तन, भजन, गजानन महाराजांची आरती. एका खाली एक शॉर्ट्स आपोआप येत राहतात आणि मांडीवर डोकं ठेवून पोरगी पाहत राहते. खातं आईचं, म्हणून फॅमिली लिंकचा तिथे संबंधच नाही. मी तिच्या यूट्यूबमध्ये रिस्ट्रिक्टेड मोड, म्हणजे नको ते व्हिडिओ गाळणारी सोय, चालू केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरात पाऊल टाकायच्या आत,

"माया फोनची काऊन वाट लावली रे? भजनाखालचे लोकं कुठी गेले?"

झालं असं की रिस्ट्रिक्टेड मोडमध्ये व्हिडिओखालच्या कॉमेंट दिसत नाहीत. आई प्रत्येक भजनाखाली "गण गण गणात बोते" लिहिते, मग बाकीच्यांनी काय लिहिलं ते चष्मा लावून वाचते, कोण अकोल्याचं, कोण शेगावचं. तिचा तो रोजचा सत्संगच आहे. तो मी बंद केला होता. काढला बाप्पा तो मोड.

आता दर रविवारी आईच्या शेजारी बसून, तिच्यासमोरच तिची वॉच हिस्टरी चाळतो. दोन कीर्तनांच्या मधे नखांवर नक्षी काढायचे ओळीने शॉर्ट्स दिसले की कोणाचे ते विचारावं लागत नाही. तरी विचारतो. आई म्हणते, "मीच पाहून राहिली होती." पोरगी उशीत तोंड घालून हसते. नातीला वाचवायला आई खोटं बोलणार, हे कुठल्या अॅपमध्ये कसं बंद करायचं?

व्हॉट्सअॅप पोरीच्या फोनवर नाही. साध्या खात्याला तिथेही वय १३ लागतं, आणि शाळेचा ग्रुप बायकोच्या नंबरवर आहे. पण एक जागा अवश्य बघा. आपल्या व्हॉट्सअॅपमध्ये "लिंक्ड डिव्हाइसेस" नावाची यादी असते. एकच खातं आणखी चार उपकरणांवर चालू शकतं. पोरांना आपला फोन दोन मिनिटं मिळाला तरी कोड स्कॅन करायला तेवढं पुरतं. ओळखीचं नसलेलं काही त्यात दिसलं तर तिथूनच लॉगआउट करता येतं. आणि प्रायव्हसीमध्ये ग्रुपमध्ये कोण घालू शकतं तिथे "माझे कॉन्टॅक्ट" ठेवा, म्हणजे कुठलाही अनोळखी नंबर उचलून कुठल्याही ग्रुपात टाकणार नाही.

तारे द्यायचे तर फॅमिली लिंकला पाचपैकी चार. एक तारा कापला तो सुरुवातीच्या मांडामांडीसाठी. कळमन्यात दिवसभर हिशेब करणाऱ्या माझ्यासारख्याचंही त्यात डोकं दुखतं, मग ज्यांना फोनची फारशी सवय नाही त्या आई-बापांनी काय करावं? अशांनी घरातल्या एखाद्या कॉलेजच्या पोराला धरून बसवावं, दुकानदाराकडून करून घेऊ नये.

पोरीला जूनमध्ये तेरावं पूर्ण होतंय आणि इन्स्टाग्रामची बोलणी आत्तापासून सुरू आहेत. खरी तारीख, प्रायव्हेट खातं, रात्री दहानंतर बंद, एवढं तिने कबूल केलंय. आठवड्यात कोणाशी बोलली ती नावं मला दिसतील, यावर गाडी अडली आहे. तिचं म्हणणं, नावं आईला दिसू द्या, बाबांना नको. बायको म्हणते चालेल. मी अजून हो म्हटलेलं नाही.