उचललेल्या जिम्नीचं स्टिअरिंग: कॅस्टर बुश, पॅनहार्ड रॉड आणि डॅम्पर, कोण पैसे वसूल करतं?

जिम्नीला दोन इंचाची लिफ्ट (गाडी वर उचलणारा संच) बसवली आणि स्टिअरिंग बिघडलं, की दुकानात पहिल्यांदा हातात दिला जातो तो जाडजूड स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे धक्के शोषणारा दांडा). खरं तर तो सगळ्यांत शेवटी घ्यायचा पार्ट आहे. आधी कॅस्टर बुश (पुढच्या अॅक्सलचा झुकाव सुधारणाऱ्या, सांध्यातल्या गाद्या), मग पॅनहार्ड रॉड (अॅक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणारी आडवी दांडी), आणि या दोन्हींच्याही आधी जॅक, पाना आणि एक तासाची तपासणी. २०२३च्या जूनपासून विकल्या गेलेल्या पाच दारांच्या जिम्नीसाठी हे तिन्ही पार्ट इथे तोलून बघितले आहेत. शेवटी जिप्सीवाल्यांसाठीही थोडं आहे.

सुरुवात चाकापासून करा. पावसाळ्यात पांधणीतून गाडी काढली की काळी माती रिमच्या आतल्या बाजूला बसते आणि दोन दिवसांत विटेसारखी घट्ट होते. मग डांबरी रस्त्यावर साठ-सत्तरच्या वेगात स्टिअरिंग थरथरायला लागतं. मिस्त्री विचारतो, "काहून थरथरते?" आणि टाय रॉड (दोन्ही पुढच्या चाकांना जोडणारी दांडी) खोलून बसतो. चाक काढून आतली माती खरवडा, आणि बॅलन्सिंगची चिकटवलेली वजनं जागेवर आहेत का ते बघा. मातीसोबत ती हमखास निघून जातात. बॅलन्सिंग करून थरथर गेली, तर पुढचं काही विकत घ्यायची गरजच नाही.

थरथर राहिलीच तर गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन चालू ठेवा. एकाने स्टिअरिंग पाव फेरा डावीकडे, पाव फेरा उजवीकडे भरभर फिरवायचं आणि दुसऱ्याने गाडीखाली एकेका सांध्यावर बोट ठेवायचं: ड्रॅग लिंकची (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांडीची) दोन्ही टोकं, टाय रॉडची दोन्ही टोकं, स्टिअरिंग बॉक्सचे चॅसिसवरचे बोल्ट, पॅनहार्ड रॉडची दोन्ही टोकं. पॅनहार्डकडे जास्त वेळ बघा. बोल्ट ढिला राहिला असेल तर ब्रॅकेटचं भोक लांबट होतं आणि बोल्ट त्यात टकटक करतो. असं भोक नुसतं कसून बरं होत नाही. ते वेल्डिंगने भरून नव्याने पाडावं लागतं.

नंतर पुढचा अॅक्सल जॅकवर घ्या. चाक वर-खाली धरून हलवा. हललं तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर दोष व्हील बेअरिंगचा, ब्रेक दाबूनही राहिला तर किंगपिन (ज्यावर चाक डावी-उजवीकडे वळतं तो खुंट) बेअरिंगचा. नाल्यातून वारंवार गाडी काढणाऱ्यांच्या किंगपिनमध्ये गंज सापडणं रोजचंच आहे, कारण नकलचं (चाक वळतं त्या सांध्याचं) सील फाटलं की पाणी आणि गाळ आत जातो आणि ग्रीस लोण्यासारखं पांढरट होऊन बाहेर येतं. किंगपिन ढिला असताना कुठलाही लिफ्ट पार्ट घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

आता कॅस्टर, म्हणजे किंगपिन मागे झुकलेला असतो तो कोन. लिफ्टने खरा बिघाड इथेच होतो. जिम्नीचा पुढचा अॅक्सल दोन आर्मना धरून असतो. आर्मचं मागचं टोक चॅसिसला आणि पुढचं अॅक्सलला दोन बुशांनी पक्कं असतं. चॅसिस वर उचललं की आर्मचं मागचं टोकही वर जातं, अख्खा अॅक्सल नाक खाली घालतो, आणि किंगपिनचा वरचा भाग जो थोडा मागे झुकलेला हवा तो पुढे येतो. हिशेब साधा आहे. आर्म मध्यापासून मध्यापर्यंत ७०० मिमी असेल आणि लिफ्ट ५० मिमी, तर अॅक्सल सुमारे ४ अंश फिरतो. तुमच्या गाडीचा आर्म टेपने मोजा आणि स्वतः काढा. मूळचा कॅस्टरच मोजके अंश असतो, त्यातले ४ गेले तर उरतं काय?

याची ओळख घाटात पटते. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ यायला हवं. तसं न येता हाताने आणावं लागत असेल, तर कॅस्टर गेला. समृद्धी महामार्गाच्या सरळ काँक्रीटवर हीच गाडी पोहत असल्यासारखी डावी-उजवी सरकते आणि ड्रायव्हरच्या खांद्यांना आराम मिळत नाही.

यावर ऑफसेट कॅस्टर बुश हा सगळ्यांत चांगला सौदा आहे. संचात अॅक्सलकडच्या टोकाचे चार बुश असतात, प्रत्येक आर्मला दोन, भोक मध्यावर नसून एका बाजूला. बसवताना एकच गोष्ट डोक्यात पक्की ठेवायची: प्रत्येक आर्मच्या पुढच्या बुशचं भोक वर, मागच्याचं खाली. उलट बसले तर कॅस्टर सुधारण्याऐवजी आणखी घटतो. डावा-उजवा आर्म वेगवेगळा बसला तर अॅक्सलला पीळ बसतो आणि बोल्टही सरळ जात नाहीत. जुने बुश हातोडा-छिन्नीने काढू देऊ नका, आर्मचं कडं अंडाकार होतं. हायड्रॉलिक प्रेस तालुक्याच्या ठिकाणी ट्रॅक्टर दुरुस्तीच्या किंवा लेथच्या दुकानात असते. आर्म काढून तिथे न्या, काम तासाभरात होतं. नवा बुश दाबण्याआधी आर्मवर खडूने उभी रेघ मारून घ्या, म्हणजे भोकाची दिशा प्रेसमध्ये फिरली तर लगेच दिसते.

बोल्ट शेवटचे कसायचे ते चाकं जमिनीवर आल्यावर आणि गाडीचं पूर्ण वजन पडल्यावर. जॅकवरच कसले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. लिफ्ट केलेल्या गाड्यांचे बुश लवकर जातात, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

रबर की पॉली? आपल्याकडच्या मातीसाठी रबर. पॉलीयुरेथेनचा बुश कडक असल्यामुळे स्टिअरिंग नेमकं लागतं हे खरं, पण या आर्मला अॅक्सलवर दोन-दोन बुश आहेत. ते कडक झाले की धुऱ्यावर एक चाक चढलं असताना अॅक्सल मोकळा वळत नाही. शिवाय बारीक काळी माती आत शिरली की चर्रचर्र आवाज सुरू. पॉली घेतलाच तर सिलिकॉन ग्रीस लावा, आणि गाळातून आल्यावर बुश धुऊन पुन्हा ग्रीस करायची तयारी ठेवा. दीड-दोन इंचापर्यंत बुश पुरतात. त्याहून उंच गाडीला आर्मचा मागचा माउंट खाली आणणारे ब्रॅकेट लागतात, पण ते खाली लटकतात आणि बैलगाडीच्या चाकोरीमधल्या उंचवट्याला आधी तेच लागतात. कॅस्टर परत आणला की पुढच्या प्रॉपेलर शाफ्टचा (पुढच्या अॅक्सलला ताकद पोचवणाऱ्या दांड्याचा) कोन वाढतो हेही ठाऊक असू द्या. चार-चाकी ड्राइव्ह लावल्यावरच घरघर जाणवली तर तिथे बघा.

अॅडजस्टेबल पॅनहार्ड रॉडबद्दल गैरसमज फार. लिफ्टमुळे अॅक्सल एका बाजूला सरकतो, पण किती, हे रॉड आधीच किती तिरपा आहे त्यावर ठरतं. ८५० मिमीचा रॉड आडवा असेल आणि त्याचं एक टोक ५० मिमी उचललं, तर अॅक्सल जेमतेम दीड मिमी सरकतो. तोच रॉड आधीच १०० मिमी तिरपा असेल तर सात मिमीच्या वर. सरकतो तो रॉडचं चॅसिसवरचं टोक ज्या बाजूला असेल त्या बाजूला. मोजायचं कसं? दोन्ही बाजूंच्या फेंडरवरून ओळंबा सोडा आणि टायरच्या बाहेरच्या कडेपर्यंतचं अंतर घ्या. फरक पाच मिमीच्या आत असेल तर पुढचा रॉड घेऊ नका. त्याहून जास्त असेल तर घ्या, दोन्ही टोकांना रबर बुश असलेलाच. हाइम जॉइंटची (रबराऐवजी धातूच्या गोळीच्या सांध्याची) टोकं धूळ-चिखलात लवकर खडखडतात.

पॅनहार्डचा ब्रॅकेट एकटा खाली आणण्याचा सल्ला मात्र ऐकू नका. पॅनहार्ड आणि ड्रॅग लिंक एकमेकांना समांतर असतात, म्हणून खड्ड्यात चाक गेलं तरी स्टिअरिंग फिरत नाही. एकाचाच कोन बदलला की प्रत्येक खड्ड्याला गाडी आपणहून वळते. ड्रॅग लिंकही तितकीच खाली येणार नसेल तर दोन्ही जसे आहेत तसे राहू द्या.

अॅक्सल मध्यावर आणून टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) जुळवल्यावरही स्टिअरिंग वाकडं दिसलं तर स्टिअरिंगचं चाक काढून दातांवर फिरवून बसवू नका. बॉक्सचा मध्य आणि अँगल सेन्सर दोन्ही चुकतात, आणि सरळ रस्त्यावर ईएसपी (गाडी घसरू नये म्हणून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा) मधेच ब्रेक लावतं. ड्रॅग लिंकचे लॉक नट सैल करा, मधली नळी अर्धा-अर्धा फेरा फिरवा, दर वेळी सरळ सपाट रस्त्यावर चालवून बघा. तरी ईएसपीचा दिवा पेटलेला राहिला तर स्कॅनरवर सेन्सर शून्यावर घ्यायला सांगा.

आता डॅम्पर. जिम्नीला कंपनीचाच डॅम्पर असतो. तो काढून हाताने दाबा-ओढा. पूर्ण लांबीत सारखा जड लागला तर तो चांगला आहे. मध्येच मोकळी जागा लागली किंवा दांड्यावर तेल दिसलं तर बदला. बाजारातल्या गॅस भरलेल्या डॅम्परची खोड अशी की गॅसच्या दाबाने दांडा सतत बाहेर ढकलला जातो आणि गाडी एका बाजूला हलकीशी ओढते. म्हणून तेलाचाच बरा. बसवल्यावर दोन्ही बाजूंना पूर्ण लॉक मारून बघा. दांडा टोकाला आपटत असेल तर उद्या तोच स्टिअरिंगचा स्टॉपर होईल आणि वाकेल. पुलाच्या सांध्यावर आपटून सुरू होणारा जोराचा वॉबल जाड डॅम्पर दाबून टाकतो, बरा करत नाही. आतला किंगपिन तसाच झिजत राहतो आणि कळत नाही. म्हणून तपासणी न करता डॅम्पर विकणाऱ्या दुकानाकडून काहीच घेऊ नये, असं ठाम मत आहे.

टायरला उगाच दोष देऊ नका. मूळ १९५/८० आर १५ आणि सगळे लावतात तो २१५/७५ आर १५ यांच्या व्यासात जेमतेम दहा मिमीचा फरक आहे. त्रास देतात ते स्पेसर (चाक बाहेर आणणाऱ्या चकत्या) आणि बाहेर आलेले रिम, कारण चाक किंगपिनपासून जितकं दूर तितका प्रत्येक दगडाचा धक्का हातात. स्पेसर टाळाच. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे मूळ रचना बदललेल्या गाडीला आरटीओ आणि विमा दोन्हीकडे अडचण येऊ शकते, हे लिफ्टचे पैसे देण्याआधी समजून घ्या.

जिप्सीला पॅनहार्ड नाही, पाटे आहेत. लांब शॅकल (पाट्याचं टोक चॅसिसला जोडणारी झुलती पट्टी) लावून उचललेल्या गाडीत शॅकल पुढच्या टोकाला असेल तर कॅस्टर असाच घटतो. त्यासाठी लोखंडी पाचर मिळते. पाटे अॅक्सलखाली असतील तर जाड बाजू पुढे, अॅक्सलवर असतील तर जाड बाजू मागे. अॅल्युमिनियमची पाचर घेऊ नका, खडबडीत रस्त्यावर ती चुरते आणि यू-बोल्ट सैल पडतात.

अलाइनमेंटला जाताना कॅस्टरचा आकडा आधी आणि नंतर असा छापून मागा. या अॅक्सलमध्ये मशीनवाल्याला फक्त टो जुळवता येतो, कॅस्टर नाही. पण बुशांनी किती अंश परत आले ते त्या कागदावरूनच कळतं. पाचशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा कसा, आधी पॅनहार्डचे.