पाचोळा की चवळी?

वहिनींचा प्रश्न: परसातल्या आंबा-चिकूखाली पाचोळा पसरायचा की चवळी पेरायची?

खर्च दोन्हींत नगण्य. पाचोळा तर फुकटच. लोक जाळतात, आपण उचलायचा. चार बोटं जाड थर दिला की उन्हाळ्यात ओल टिकते, तण दबतं. खोडापासून मात्र वीतभर लांब ठेवा, नाहीतर बुंधा कुजायची भीती. पावसाळ्यात गोगलगायी लपतात, तो ताप वेगळा.

चवळीला सुरुवातीला निंदणी हवीच. पण मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात, वर शेंगा! दाट सावलीत ती रडते.

पाणी आणि वेळ कमी असेल तर पाचोळा. झाडं लहान, ऊन भरपूर, जमीन हलकी असेल तर जूनच्या पावसावर चवळी. वाळली की तिचाच पाचोळा.