‘बियाणं उगवलं नाही का?’ आपोआप फोन करणाऱ्या मराठी सेवेचा आढावा

पेरणीनंतर सभासदांना आपोआप फोन लावून माहिती गोळा करणारी सेवा शेतकरी उत्पादक कंपन्यांना मिळते, तिच्याबद्दल हे. आवाज स्वच्छ आहे, मराठी जरा छापील पण समजणारी आहे, रेंज गेली तर फोन पुन्हा लागतो. घोळ नकारार्थी प्रश्नांत आहे, आणि तो साधासुधा नाही.

सोयाबीनच्या प्रश्नावलीत विचारतात, ‘तुमचं बियाणं उगवलं नाही का?’ शेतकरी म्हणतो ‘हो’, म्हणजे ‘हो, नाही उगवलं’. तक्त्यात मात्र ‘उगवले’ पडतं. ज्याच्यावर दुबार पेरणीची पाळी आली, नेमकं त्याचंच नाव तक्रारीच्या यादीतून गळतं.

कारण, आतली रचना इंग्रजी वळणाची आहे. इंग्रजीत ‘येस’ म्हटलं की उगवलंच. प्रश्न कसा का विचारलेला असेना. जपानीत ‘हाय’ म्हणजे ‘तुम्ही म्हणता ते बरोबर’, म्हणजे उगवलं नाही. मराठी दोन्हीकडे झुकते. ‘उगवलं नाही ना?’ म्हटलं तर बहुधा ‘हो ना’ येतं. ‘नाही का?’ म्हटलं तर ‘हो, नाही उगवलं’ आणि ‘नाही, नाही उगवलं’ दोन्ही ऐकू येतात.

यावर ‘नकारार्थी प्रश्न’ अशी एक खूण करायची सोय दिली आहे. ती केली की उत्तर उलटं नोंदवलं जातं. पण मग ‘उद्या मोंढा बंद आहे, नाही का?’ याचंही उत्तर उलटतं. तिथला ‘नाही’ नुसता दुजोरा मागणारा आहे. ही खूण न वापरलेलीच बरी.

नकार खोडून काढायला फ्रेंचमध्ये ‘सी’, जर्मनमध्ये ‘डोख’ असा वेगळा शब्द आहे. आपण ते काम ‘की’वर भागवतो: ‘उगवलंय की!’ यात हो नाही आणि नाहीही नाही, म्हणून यंत्र ‘उत्तर मिळाले नाही’ लिहून मोकळं. आयरिश भाषेत तर हो-नाहीला स्वतंत्र शब्दच नाहीत, क्रियापदच परत म्हणतात. आपल्याकडचे ‘उगवलं’, ‘आहे’ हेही तसेच, आणि तेही वाया जातात. परभणी-नांदेडकडचा ‘हाव’, संभाजीनगरच्या दखनीतले ‘हौ’ आणि ‘नक्को’ यंत्राच्या शब्दयादीत नाहीत. मराठवाड्यात विकायची सेवा, आणि ‘हाव’ कळत नाही!

घ्यायचीच असेल तर बोलून उत्तर घेणं बंद ठेवा, फक्त बटणं वापरा. प्रश्नाऐवजी पूर्ण वाक्यं द्या: ‘बियाणं उगवलं असेल तर १ दाबा, उगवलं नसेल तर २, विरळ उगवलं असेल तर ३.’ तिसरा पर्याय गाळू नका. प्रमाणित सोयाबीनची किमान उगवणक्षमताच ७० टक्के धरलेली असते, विरळ उगवण नेहमीची. नंतर पडताळणी: ‘उगवलं नाही, अशी नोंद करतो. बरोबर असेल तर १, बदलायचं असेल तर २.’ इथे ‘बरोबर ना?’ घुसवलंत की पहिला घोळ परत. फोन पेरणीनंतर ८-१० दिवसांनी लावा. त्याआधी कोंब वर आलेलेच नसतात, म्हणून बियाणं चांगलं असलं तरी २ दाबलं जातं.

बोलून घेतलेला जुना तक्ता असेल तर ‘हो’ नोंदलेली ध्वनिमुद्रणं आधी ऐका. ती किती दिवस ठेवणार, हे करारात लिहून घ्या; पुसली गेल्यावर प्रत्येक सभासदाला पुन्हा फोन लावण्यावाचून मार्ग नाही.