वाचताना अडखळणाऱ्या पोरांसाठी प्रशिक्षण: मोबाइल, कार्यशाळा की विशेष शिक्षक?

तिसरीच्या वर्गात एखादं पोर असतं. तोंडी गोष्ट फर्डी सांगतं, पण धडा वाचायला उभं केलं की घामाघूम होतं. डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखनात येणारी जन्मजात अडचण, असेल का, ही शंका येते आणि मुख्याध्यापक विचारतात, "बाई, कोणतं प्रशिक्षण घ्यायचं?" मराठवाड्यातल्या झेडपी शाळेपुढं साधारण तीन वाटा असतात.

पहिली वाट दीक्षा या सरकारी ऑनलाइन पोर्टलची. तिथले कोर्स फुकट आहेत आणि रात्री जेवणं उरकल्यावर करता येतात. हा आळस नव्हे, बुद्धीही कमी नसते, 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता येते, एवढं कळायला ते पुरे. जोडीला एनसीईआरटीचं 'प्रशस्त' हे मुलांची लक्षणं नोंदवायचं ॲप आहे. त्याचा पहिला भाग वर्गशिक्षकानं भरायचा, दुसरा विशेष शिक्षकानं. ही चाळणी आहे, निदान नव्हे. कोर्सची खोट एवढीच की व्हिडिओ आपला चालू राहतो. मीही एक कोर्स भाकरी थापता थापता 'पूर्ण' केलाय.

दुसरी वाट कार्यशाळेची. तिथं समोर माणूस असतो, शंका विचारता येते. पण पैसे मोजण्याआधी संस्थेला विचारा, उदाहरणं कोणत्या लिपीतली? आमच्याकडं आलेले तज्ज्ञ दोन दिवस फळ्यावर इंग्रजी बी आणि डी उलटसुलट काढत बसले. आमच्या पोरांचं दुखणं वेगळंच. पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी, उच्चारायची नंतर. रफार म्हणायचा आधी, द्यायचा पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. घ-ध, भ-म, थ-य यांची गफलत तर रोजची. त्यात मराठी बरीचशी लिहिली तशी वाचली जाते. त्यामुळं असं पोर कित्येकदा अक्षरं बरोबर ओळखतं, पण इतकं सावकाश की वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरलेलं असतं. नुसत्या चुका मोजायला शिकवणाऱ्या प्रशिक्षणातून ते निसटतं. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं तयार केलेली 'डाली' चाचणी मराठीतही आहे, आणि तिचा पहिली ते पाचवीचा चाळणीचा भाग शिक्षकांसाठीच आहे. कार्यशाळेत तो प्रत्यक्ष वापरायला लावणार असतील तर पैसे वसूल.

तिसरी वाट म्हणजे गटसाधन केंद्रातल्या, म्हणजे तालुक्याच्या शिक्षक-मदत केंद्रातल्या विशेष शिक्षकाला वर्गात बोलावणं. त्यांच्याकडं शाळा फार, महिन्यातून एक दिवस मिळाला तरी नशीब. तरी माझं मत यालाच. कारण आपल्याकडं खरा पेच वेगळा आहे. ऊसतोडीला गेलेलं पोर पाच-सहा महिने शाळेबाहेर असतं. तांड्यावरच्या पोराच्या घरात गोरमाटी ही बंजारा बोली, कुणाच्या घरात दखनी उर्दू. वाचन मागं पडणारच, आणि तेवढ्यावरून डिस्लेक्सिया म्हणता येत नाही. उलट 'पालकच फिरते आहेत' म्हणून खरा डिस्लेक्सियाही झाकला जातो. रोज वीस मिनिटं नेटानं शिकवून दोन महिने नोंद ठेवली की फरक दिसू लागतो. नुसती शाळा बुडालेलं पोर बहुधा भराभर भरून काढतं, डिस्लेक्सिया असलेलं घुटमळतं. ही नोंद वाचायची कशी, हे आपल्याच पोराची वही समोर ठेवून कुणीतरी दाखवावं लागतं.

एखाद्या शिक्षकाला विशेष बीएडला पाठवायचाही विचार होतो. माणूस खरा तयार होतो, पण बदली झाली की सगळं त्याच्यासोबत जातं.

हायस्कूलचं गणित निराळं. तिथं दहावी तोंडावर असते, म्हणून प्रमाणपत्र, लेखनिक आणि जादा वेळ यांची कागदपत्रं समजावणारी एक दिवसाची कार्यशाळाही उपयोगी पडते.

प्राथमिकला मी असं करीन: कोर्स सगळ्यांनी, मग विशेष शिक्षकाचे वर्षभराचे दिवस लेखी ठरवून घ्यायचे. पहिला दिवस दिवाळीच्या आत पाहिजे. नंतर ज्यांच्यासाठी शिकायचं त्यातली बरीच पोरं कारखान्याच्या तळावर गेलेली असतात.