दाढेत काय भरावं: चांदी, कॉम्पोझिट की ग्लास आयोनोमर?

फिलिंग निकामी होतं ते बहुतेक दोन वाटांनी. एकतर त्याच्या कडेने पुन्हा कीड लागते, नाहीतर फिलिंगचा किंवा दाताचाच तुकडा उडतो. यातलं काय आधी होईल हे मटेरियलवर अवलंबून असतं, आणि त्याहून जास्त खड्ड्यावर. म्हणून रंग आणि खर्च विचारण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: खड्ड्याची खालची कड हिरडीच्या किती जवळ आहे? काम चालू असताना तिथली लाळ आणि रक्त पूर्ण थांबवता येईल का? दाढेच्या भिंती किती जाड उरल्या आहेत?

दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट आज सगळ्यात जास्त वापरलं जातं आणि कामात जरा ढिलाई झाली तर सगळ्यात जास्त तेच बिघडतं. ते दाताला चिकटतं, त्यामुळे कीड लागलेला भाग सोडून चांगला दात फारसा कोरावा लागत नाही. हा त्याचा मोठा गुण. पण चिकटवण्याच्या पायऱ्या नाजूक असतात. नेहमीच्या पद्धतीत 37 टक्क्यांचं फॉस्फोरिक ॲसिड साधारण 15 सेकंद लावून धुतात, डेंटिन (दाताचा आतला थर) किंचित ओलसर ठेवतात, बाँडिंग (चिकटवणारं द्रव) चोळतात, हवा मारून त्यातलं द्रावक उडवतात आणि मग ते कडक व्हावं म्हणून लाइट देतात. मध्येच लाळेचा एक थेंब आला तरी ती जागा नीट चिकटत नाही. वरून सगळं गुळगुळीत दिसतं. पुढे त्याच जागी कीड शिरते.

दुसरी अडचण आकुंचनाची. कॉम्पोझिट कडक होताना आकारमानाने साधारण 2 ते 3 टक्के आक्रसतं आणि कडा ओढतं. शिवाय लाइट खोलवर पोहोचत नाही, म्हणून साधं कॉम्पोझिट 2 मिलिमीटरच्या थरांत भरून प्रत्येक थराला वेगळा लाइट द्यायचा असतो. ‘बल्क फिल’ प्रकार 4 मिलिमीटरपर्यंत चालतो. दोन दाढांमधल्या खड्ड्याच्या तळाशी हे सगळे त्रास एकत्र येतात: लाइटचं टोक लांब राहतं, एनॅमल (दाताचं बाहेरचं कडक आवरण) पातळ असतं किंवा नसतंच, आणि हिरडी लगेच ओलसर होते. दाढांमधलं कॉम्पोझिट पुन्हा किडतं ते बहुतेक इथूनच. त्यामुळे या जागेसाठी रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा) लावणार का, हे जरूर विचारा. असं काम दहा मिनिटांत उरकलं, तर एखादी पायरी गाळली गेली असण्याची शक्यता मोठी.

शेजारच्या दाढेला फिलिंग घट्ट टेकतं की नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. त्यासाठी धातूची पातळ वळणदार पट्टी आणि लाकडी पाचर लावतात. पाचर नीट बसली नाही तर मटेरियल खाली हिरडीत घुसतं. पट्टीचा आकार चुकला तर फट राहते आणि प्रत्येक जेवणानंतर पालेभाजीचा धागा तिथेच अडकतो. उठण्याआधी फ्लॉस घालून बघायला सांगा: तो टक् करून आत जायला हवा आणि बाहेर येताना त्याचे धागे सुटायला नकोत.

चांदी, म्हणजे अमाल्गम, अर्धा पारा आणि उरलेलं चांदी, कथील, तांबं. ते चिकटत नाही. ते अडकून राहावं म्हणून खड्डा आत रुंद आणि तोंडाशी अरुंद कोरतात. खोलीही किमान दीड-दोन मिलिमीटर लागते. म्हणजे चांगला दातही जातो. उलट थोडी ओल ते खपवून घेतं आणि काळाने गंजाच्या थराने त्याची कड भरून येते. त्यामुळे फिलिंग धड राहतं आणि दाढेची भिंत तडकते. कडक घास चावून दाब सोडताना कळ आली तर तड्याचा संशय घ्यावा. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठीचा मिनामाता करार 2017 मध्ये लागू झाला आणि युरोपीय संघाने 1 जानेवारी 2025 पासून, डॉक्टरांना वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक वाटेल तेवढे अपवाद सोडून, अमाल्गम बंद केलं. तरीही तोंडातली जुनी, शाबूत चांदी केवळ रंगासाठी काढू नये. काढताना पाऱ्याची वाफ निघते आणि दातही आणखी जातो.

ग्लास आयोनोमर हे एक प्रकारचं सिमेंट. ते दाताला रासायनिक पद्धतीने धरतं आणि फ्लोराइड सोडतं. 1980 च्या दशकात टांझानियात ड्रिलशिवाय, हाताच्या अवजारांनी कीड काढून खड्डा भरण्याची पद्धत पुढे आली. तिला या मटेरियलची चांगली साथ मिळाली. मात्र ते ठिसूळ आहे. मोठ्यांच्या दाढेत, दोन दातांमध्ये जाणाऱ्या रुंद खड्ड्यात ते मोडतं. सुरुवातीला पाणी लागलं किंवा ते सुकलं तरी खराब होतं, म्हणून वर व्हॅसलीन किंवा वार्निशचा थर देतात. दुधाच्या दातांना आणि जोरात आडवा ब्रश किंवा मिश्री घासून हिरडीलगत झिजलेल्या खाचांना ते शोभतं. मिश्री चालूच राहिली तर मात्र तेही झिजणार.

आमचा कौल असा. वरच्या पृष्ठभागावरचा लहान खड्डा आणि कोरडं ठेवता येणारी जागा असेल तर कॉम्पोझिट. कड हिरडीखाली गेली असेल तर तळाशी ग्लास आयोनोमर आणि वर कॉम्पोझिट. ती जागा कोरडी राहतच नसेल तर आधी हिरडीचा उपचार. भिंत 2 मिलिमीटरपेक्षा पातळ असेल, रोज सुपारी किंवा रात्री दात खाण्याची सवय असेल, तर साधं फिलिंग नको. ऑनले (दाढेचा चावण्याचा भाग झाकणारा, बाहेर बनवून चिकटवलेला तुकडा) किंवा कॅप घ्या. रूट कॅनाल झालेल्या दाढेला बहुतेक वेळा कॅप लागतेच.

बधिरपणा उतरल्यावर चावा उंच वाटला तर दोन-तीन दिवसांत परत जा. निळा कागद चावून उंच जागा सापडते आणि मिनिटभरात घासता येते. थंड झोंबणं काही आठवडे चालू शकतं. आपोआप उठणारा, रात्री झोपमोड करणारा ठणका मात्र नसेचा असतो, त्यात थांबू नका.

जुन्या फिलिंगच्या कडेला काळी रेघ दिसली की ते बदलावंच असं नाही. ती नुसती डागाचीही असते. बदलताना खड्डा दरवेळी मोठा होतो, म्हणून आधी चावून धरायचा बाइटविंग एक्स-रे काढायला सांगा. खाली मऊ कीड नसेल तर कड घासून पॉलिश करता येते. एका कोपऱ्यातच बिघाड असेल तर तेवढाच भाग कोरून भरता येतो का, हे विचारा.